सायप्रसच्या मडक्यातलं खरकटं

त्या सकाळी कार्डिफमध्ये पाऊस पडत नव्हता, नुसता हवेत लोंबकळत होता. एक्क्याण्णव सालचा फेब्रुवारी. कॉलेजच्या तळघरात सुलक्षणाने ओला कोट खुंटीला लावला, बाह्या वर सारल्या, टबात कोमट पाणी सोडलं आणि टूथब्रश घेऊन खापऱ्या धुवायला बसली.

सांगली सोडून बारा वर्षं झाली होती. नवरा पद्माकर हॉस्पिटलात भूल द्यायचा, आणि त्यातली दहा वर्षं ती ‘डॉक्टरांची मिसेस’ होती. ही नोकरी मात्र तिची स्वतःची. आई फोनवर म्हणायची, “आगं, बी.ए. झालीस ती तिथं जाऊन भांडी घासाय व्हय गं?”

“घासतेय खरी, पण तेराशे वर्षांची!”

खापऱ्या बायझंटाइन. म्हणजे रोम पडल्यावरही पूर्वेकडे जे रोमन राज्य तगून राहिलं, तिथल्या लोकांच्या. पुस्तकांत त्यांचं सोनं असतं, चर्चच्या भिंतींवरची चित्रं असतात. सुलक्षणाच्या ट्रेमध्ये त्यांचं घर यायचं: तेलाच्या उंच सुरयांचे तुकडे, अंगावर कंगवा ओढल्यासारख्या रेघा, दिव्याचं नाक, हिरवी पडलेली तांब्याची नाणी. कॉलेजात पुरातत्त्व शिकवणारी ग्वेन प्रॉथेरो ही पन्नाशीची बाई नऊ उन्हाळे सायप्रसमधलं एकच जळालेलं घर उकरत होती. “राजे सगळेच शोधतात,” म्हणायची, “मला त्यांच्या स्वयंपाकिणी हव्यात.”

त्या दिवशी चुलीपाशी सापडलेल्या मडक्याचे तीन तुकडे लॅबला जायचे होते. आतून मातीखाली दडलेली काळी, करपलेली खरपुडी, ग्वेननेही अजून नीट न पाहिलेली. घरात काय शिजत होतं ते तिच्यावरून कळणार होतं. ट्रेवर लाल चिठ्ठी: धुऊ नये. बाहेरची माती तेवढी कोरड्या ब्रशने झाडायची.

चिठ्ठी तिने वाचली होती. माती झाडलीही. पण अंगठा आतल्या करपटावरून फिरला आणि हाताने मनाला विचारलंच नाही. खरकटं भांडं तसंच ठेवायचं नाही, हे वळण अक्षरओळखीच्याही आधीचं. तिसरा तुकडा स्वच्छ निघाला, पाणी काळं झालं, आणि मग तिला लाल चिठ्ठी पुन्हा दिसली.

“आता गं बाई!” घाबरून तिने टब सिंकमध्ये ओतला. ओतल्यावर कळलं की तेही करायला नको होतं.

दहा वाजले होते. अकराला ग्वेन येणार. तिने भिंतीवरच्या फोनवरून हॉस्पिटलला फोन लावला.

“अहो, माझ्या हातून घोळ झालाय.” तिने सगळं सांगितलं.

“कुणी बघितलं?” पद्माकरने विचारलं.

“नाही.”

“मग गप्प बस. लॅबवाले म्हणतील, काही मिळालं नाही. यात कुणाचा पेशंट दगावत नाही.”

“आणि ग्वेन लिहील, या मडक्यात कधी काही शिजलंच नाही.”

“लिहू दे की! मार्चमध्ये तुझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय ना? डोकं चालव जरा.”

फोन ठेवून ती तुकड्यांपुढे बसली. कुणा बाईनं हे चुलीवर चढवलं असेल, आग लागली तशी टाकून पळाली असेल. तिच्या रांधल्याची खूण पाहिलेली आता एकच बाई उरली होती, आणि ती बाई घड्याळाकडे बघत होती.

ग्वेन खोका घेऊन आली. “सुलू, माझी बाळं तयार?”

“मी धुतली.”

ग्वेन हसली. मग तिने एक तुकडा उचलला आणि हसू गेलं. “तिन्ही?”

“तिन्ही.”

“पाणी?”

“सिंकमध्ये.”

“चिठ्ठी दिसली नाही?”

“दिसली होती. आमच्याकडे खरकटं ठेवत नाहीत. हात गेला.”

“तुमच्याकडे!” ग्वेन कडाडली. “नऊ वर्षं मी त्या बाईच्या चुलीपाशी गुडघे टेकलेत, आणि तू तिचं जेवण गटारात ओतलंस!”

सुलक्षणाने तुकड्याच्या कडेवर बोट ठेवलं. “मडक्याला झिलई नाही. तुपाचं गाडगं दहादा घासलं तरी वास जात नाही, आत मुरतं. तुकडाच कुटून बघायला सांगा त्यांना.”

“मला शिकवू नकोस. त्यासाठी तुकडा फोडावा लागतो, आणि आहेत तीन. चरबी कळेल कदाचित. तिनं धान्य कुठलं घातलं होतं ते आता कधीच कळायचं नाही.” ग्वेनने एक कार्ड तिच्यापुढे सरकवलं. “लिही. काय होतं, किती जाड, धुताना कसं लागलं. खाली सही.”

सुलक्षणाने लिहिलं: आतून करपट थर, नखाएवढा जाड, धुताना चिकट. मी चुकून धुतला. सही करताना पेन दोनदा अडलं.

“मार्चमध्ये मला विचारतील,” ग्वेन म्हणाली. “मी खरं सांगेन.”

“सांगा.”

“आणि यापुढे चुलीपाशी सापडलेलं काही तुझ्याकडे येणार नाही. तिकडची कौलं घे.”

लॅबमध्ये कुटायला एक तुकडा आणि ते कार्ड घेऊन ती निघून गेली. दार आपटलं नाही, नुसतं लागलं.

सुलक्षणाने टब विसळला, नवं पाणी सोडलं. कोपऱ्यातली कौलांची पेटी जड होती. ती ओढत तिने टेबलापाशी आणली. पेटीवर चिठ्ठी नव्हती. पेटीची चारही अंगं तिने फिरवून फिरवून पाहिली, मग पहिलं कौल पाण्यात बुडवलं.