ताईंचं उंचीचं औषध

माझ्या नणंदेचा मला वीट आला आहे. आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी माझी समजूत काढायला नको.

ताई शिवणकाम करतात. हात सफाईदार, त्यात खोट काढायला जागा नाही. पण गळ्यात टेप अडकवला की माणूस त्यांना कापडाएवढाच दिसतो. दोन मुली आहेत. त्यातल्या थोरलीला गिऱ्हाइकांसमोर म्हणतात, "ही आमची आखूडच राहिली." पोर मुकाट्याने बटणं टाचत बसते. ऐकून किळस येते.

मी भाताच्या संशोधन केंद्रात काम करते. मागे ताई तिथे आल्या, तेव्हा मी त्यांना दोन कुंड्या दाखवल्या. एकीतलं भात बुटकं, कारण जनुकातल्या बदलामुळे उंची वाढवणारं संप्रेरक त्यात पुरेसं तयारच होत नाही. ते स्पिरिटमध्ये विरघळवून बाहेरून फवारलं की भराभर वाढतं. दुसरीतल्या भाताच्या अंगात संप्रेरक भरपूर, पण ते त्याला जुमानत नाही; कितीही फवारा, ढिम्म. बुटकं भात वाऱ्यात आडवं होत नाही, म्हणून शेतात तेच हवं असतं, हेही मी सांगितलं. ताईंनी सोयीचं तेवढं ऐकलं आणि माझी पाठ वळताच संप्रेरकाची बाटली पिशवीत घातली.

हे मला कळलं परवा. त्यांच्याकडे गेले, तर थोरली नाक दाबून दूध पीत होती. दुधाला स्पिरिटचा भपकारा, आणि शिलाई मशीनवर आमच्या केंद्राची बाटली!

"ताई, हे रोपांवर फवारायचं असतं!"

"मग काय झालं? रोप काय मेलेलं असतं?"

"अहो, माणसाची वाढ याने होत नाही. पोरीच्या पोटात नुसतं स्पिरिट जातंय!"

"लोक हिला हसतील तेव्हा तू येणार आहेस का?"

हसायला सुरुवात कुणी केली, हे अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात पोर भडाभडा ओकली. ताईंनी कापडाच्या चिंधीने फरशी पुसली. पोरीच्या पाठीवरून हात फिरवणं राहिलंच.

"हिला उशीरच झाला म्हणायचा," त्या शांतपणे म्हणाल्या. "धाकटीला उद्यापासून देते. ती अजून कोवळी आहे."

मी तोंड उघडणार, तोच थोरली उठली. इतके दिवस स्वतःसाठी चकार शब्द न काढलेली ती पोर. तिने बाटली उचलली, मोरीत उपडी केली आणि वर नळ सोडला.

"तिला द्यायचं नाही," ती आईला म्हणाली.