अमरावती ते अकोला, एक माळ

एका माणसाला एकोणीस वर्षं मागच्या सीटवर बसवून फिरवलं की किस्से साठतातच. मुद्दाम कोणी साठवत नाही. गाडी धुवायला काढली, पायपुसणी झटकली, की खाली काय काय निघतं, तसंच हे. कुठली माती कुठल्या गावची, ते मात्र मला अजून सांगता येतं.

मी बिशप साहेबांचा ड्रायव्हर, वानखडे. साहेब म्हणजे अमरावती-अकोल्याकडच्या सगळ्या कॅथलिक चर्चचे प्रमुख, मूळचे वेंगुर्ल्याचे. मी बोरगाव मंजूकडचा, घरी बुद्धवंदना. तुमचं दोघांचं जमलं कसं, असं लोक विचारतात. खरं सांगू का, गाडीत आम्ही फार बोलायचो नाही. म्हणून जमलं.

*

अमरावतीहून अकोल्याला जायचं म्हणजे साहेबांची एक जपमाळ. माळेत पाच भाग असतात, त्यांना ते रहस्य म्हणतात. एकेका रहस्याचे दहा मणी. बंगल्याच्या फाटकातून गाडी निघाली की पहिलं रहस्य, ते बडनेऱ्यापर्यंत. दुसरं लोणीपर्यंत, तिसरं मूर्तिजापूरला संपायचं, चौथं बोरगावला, आणि पाचवं अकोल्यात शिरता शिरता. कुठे घाई नाही. एक मणी, मग खिडकीबाहेर बघणं, मग दुसरा मणी. दोन्हीकडे तुरीची शेतं, लांबवर ऊन हलतंय, आणि मागून हळू आवाजात 'नमो मारिया'. येताना माळ नसायची, थोड्याच गप्पा.

भानगड एकच होती. लोणी आलं की साहेबांना झोप लागायची! माळ बोटांतून सुटून मांडीवर पडायची. जाग आली की विचारायचे, "वानखडे, कितवा?"

पहिल्या वेळी मी गांगरलो. दुसऱ्या वेळेपासून मोजायला लागलो. ते झोपले की पुढचे मणी मी मनात म्हणायचो, त्यांच्याच चालीत. "तिसरं रहस्य, चौथा मणी, साहेब," असं सांगितलं की ते तिथून सुरू करायचे. एकोणीस वर्षांत एकदाही मोजणी चुकली नाही.

बायको मात्र वैतागली. म्हणाली, "झोपेत बोटं मोजून राहिले तुमी. एखाद दिवशी विहारात उभं राहून नमो मारिया म्हनसान, मंग मले सांगू नका."

*

बिशपांकडे एक काठी असते, मेंढपाळाची म्हणून. वरून वाकवलेली, चकचकीत. प्रवासात तिचे तीन तुकडे करून पेटीत ठेवतात, आणि ती पेटी सांभाळणं माझ्याकडे.

एकदा मूर्तिजापूरच्या अलीकडे मेंढ्यांनी रस्ता अडवला. दोनशे तरी असतील. साहेब खाली उतरले. धनगर म्हातारा होता. त्याने विचारलं, काम काय करता? साहेब म्हणाले, "तुमचंच. मीही मेंढपाळ."

म्हाताऱ्याने त्यांना खालून वर न्याहाळलं आणि काठी दाखवा म्हणाला. मी पेटी उघडली, तुकडे जोडले. त्याने ती हातात घेतली, तोलून पाहिली, आणि सरळ रस्त्याकडेच्या बाभळीखाली गेला. फांदी ओढून मेंढ्यांना शेंगा पाडून द्यायच्या असतात, त्यासाठी. दोनदा ओढून पाहिलं. फांदी काही येईना.

"इचा वाक लयच आत गेला," तो म्हणाला. "दिसाले बेस हाय. पन कामाची नाही."

पुढे अकोल्यापर्यंत साहेब झोपलेसुद्धा नाहीत. संध्याकाळी भरल्या चर्चमध्ये ती काठी हातात धरून उभे राहिले आणि सगळ्यांना सांगितलं, आज एका जाणकाराने माझी परीक्षा घेतली, मी नापास झालो.

*

पंचाहत्तर पूर्ण झाले की बिशपांनी राजीनामा पाठवायचा असतो, रोमला. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

राजापेठेत कुरिअरच्या दुकानासमोर साहेबांनी गाडी थांबवायला लावली. ट्यूशन सुटलेली, पोरापोरींच्या स्कूटींनी रस्ता भरलेला. एक पाकीट त्यांनी माझ्या हातात दिलं. मी विचारलं, काय आहे? म्हणाले, "सुट्टीचा अर्ज."

"किती दिवसांची, साहेब?"

"ते तिकडे ठरवतील."

मी स्कूटींमधून वाट काढत गेलो, पाकीट दिलं, पावती घेतली, वर त्या दुकानदाराला बजावलंही की लवकर पोचलं पाहिजे. आठवलं की अजून स्वतःचाच राग येतो.

*

अर्ज मंजूर व्हायला वर्ष लागलं. तेवढ्या काळात सगळीकडे एकच चर्चा, साहेब इथे राहणार की वेंगुर्ल्याला जाणार? निवृत्त बिशपांना हवं तिथे राहता येतं. वेंगुर्ल्याला त्यांची बहीण होती, तिने माडाखालची खोली रंगवून ठेवली होती. इकडे चिखलदऱ्याला चर्चची एक खोली रिकामी होती. सगळे मला विचारायचे, कारण ड्रायव्हरला सगळं माहीत असतं म्हणे. मला काही माहीत नव्हतं. विचारायची छातीच होत नव्हती. नाही म्हणाले तर?

त्या पावसाळ्यात आम्ही चिखलदऱ्याला गेलो होतो. धुकं असं, की गाडीचं बॉनेट दिसेना. साहेब पांढरा झगा घालून फिरायला निघाले आणि चार पावलांत दिसेनासे झाले. मी मागोमाग. कॉफीची झाडं मधूनच उगवायची आणि विरून जायची. आपण चालतोय की झोपेत आहोत, कळत नव्हतं.

दरीपाशी एक नवं जोडपं फोटो काढत होतं. धुक्यातून साहेब बाहेर आले तसे दोघं आधी दचकले, मग त्यांनी साहेबांच्याच हातात मोबाइल दिला. साहेबांनी मन लावून पंधरा-वीस फोटो काढले. एकातही दरी आली नसणार. मुलीने जाताना विचारलं, "बाबा, तुमी इथलेच का?"

"अजून ठरलं नाही," साहेब म्हणाले.

मी पाचच पावलांवर होतो. धुक्यामुळे त्यांना दिसलो नाही.

*

शेवटी ठरलं. वेंगुर्ला. तिकीट आलं, मुंबईचं, तेही अकोल्याहून, कारण तिथल्या लोकांना स्टेशनवर निरोप द्यायचा होता.

अमरावतीत निरोपाचा कार्यक्रम झाला. भाषणं झाली, शालींचा ढीग पडला. बहुतेक शाली साहेबांनी तिथल्या तिथे म्हाताऱ्या बायांच्या खांद्यावर घातल्या. मेळघाटाच्या पायथ्याच्या गावातली सखूबाई शाल घेईना. नवरा, दोन मुलं, तिघांना साहेबांनी आपल्या हातांनी माती दिली होती. ती समोर उभी राहून म्हणाली, "इतके वर्सं आमच्या मान्साईले मातीत पोचोलं तुमी. आता तुमची माती दुसऱ्या गावाले कावून?"

साहेब म्हणाले, "सखूबाई, आधी जेवून घेऊ." पण जेवले नाहीत. मी ताटाकडे लक्ष ठेवून होतो.

साहेबांची बोली हा आणखी एक किस्सा. एकोणीस वर्षं वऱ्हाडात काढली, सगळं समजायचं, पण बोलायचे पुस्तकातलं. 'मले-तुले' कधी म्हटलं नाही. मी चिडवायचो, तर म्हणायचे, "ती बोली तुमची आहे. पाहुण्याने तिला हात लावू नये."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. मागे दोन बॅगा. काठीची पेटी बंगल्यातच राहिली, नव्या बिशपांसाठी. सवयीने तिची पुढच्या सीटवरची जागा मी आधी पुसून ठेवली होती.

फाटकातून माळ सुरू झाली. बडनेरा गेलं. लोणी आलं आणि साहेबांचे डोळे मिटले. मी नेहमीसारखा पुढचे मणी म्हणायला लागलो. गाडी चाळीसच्या वर नेली नाही. मागून ट्रक हॉर्न देत पुढे जात होते. कापूस फुटला होता, सगळं रान पांढरं. मूर्तिजापूर कधी गेलं ते जाणवलंही नाही. अकोल्याच्या फलाटावर लोक हार घेऊन उभे असणार, एवढंच डोक्यात.

बोरगावची पाटी दिसायच्या आत मागून आवाज आला. "वानखडे, कितवा?"

चौथं रहस्य, सातवा मणी. मला पक्कं माहीत होतं.

"चुकलं, साहेब," मी म्हणालो. "मोजनी चुकली माही."

मी आरशात बघितलं. माळ मांडीवर पडलेली नव्हती. बोटांना नीट गुंडाळलेली होती, आणि अंगठा मण्यावर होता. चौथ्यातल्या सातव्या मण्यावर. साहेब त्या अंगठ्याकडे बघत होते.

मग त्यांनी तो हळूच उचलला आणि मणी मागे सारत सारत माळेच्या सुरुवातीच्या क्रुसावर आणून ठेवला.

"मंग पयल्यापासून घ्या लागन," साहेब म्हणाले. "फिरव गाडी."