बादलीचा अर्थ

“एक सांगता का जी, ताई?” असं म्हणून त्या माझ्या टेबलाच्या कडेला दोन बोटं टेकवायच्या. अख्खा हात कधी टेकवला नाही. बसा म्हटलं तरी बसायच्या नाहीत. दुसऱ्या हातात मोबाइल, त्यावर इंग्लंडहून आलेला मेल आणि अडलेल्या ओळीखाली अंगठा.

तुमच्याही ऑफिसात असं कोणीतरी असेल, वयानं मोठं असून तुम्हाला ताई म्हणणारं. त्याला आपण मदत करतो आणि त्याची पाठ वळली की हसतो. दोन्ही एकाच तोंडानं जमतं.

हडपसरला आमची पंप बनवणारी कंपनी. त्या मूळच्या चंद्रपूरकडच्या, राहायला मांजरीला. पुण्यात वीस वर्षं काढून बोलणं आमच्यासारखं केलं होतं, तरी घाईत ‘काहून’ आणि ‘जी’ निसटायचे. पंधरा वर्षं खाली स्टोअरमध्ये होत्या, कुठल्या पंपाला कुठलं वॉशर लागतं ते तोंडपाठ. म्हणून साहेबांनी त्यांना वर, एक्स्पोर्टच्या टेबलावर आणलं. सरळ इंग्रजी त्यांना येत होतं. अडायचं ते वाक्प्रचारांपाशी, जिथे शब्द सगळे ओळखीचे आणि अर्थ भलताच. नेमका इंग्लंडमधला आमचा सगळ्यात जुना ग्राहक, एक म्हातारा गृहस्थ, वाक्प्रचाराशिवाय चार ओळी लिहायचा नाही.

एकदा त्यानं लिहिलं, ‘द बॉल इज इन युअर कोर्ट.’ म्हणजे, आता पुढचं तुम्ही ठरवा. त्यांनी ‘कोर्ट’ वाचलं आणि चेहरा उतरला.

“केस टाकली काहून जी त्यांनी? माल तर मी मोजून पाठवला होता.”

मी म्हटलं, “बघू. जेवण झाल्यावर नीट वाचते.”

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. मी माझा संपवला, ताक प्यायले, हात धुतले आणि मग अर्थ सांगितला. त्या इतक्या मोकळ्या हसल्या की त्यांनी माझा हातच धरला. “खेळाचं कोर्ट होय! मी इथं वकील शोधत होती.”

शिकलेला वाक्प्रचार दुसऱ्या दिवशी वापरायचाच, हा त्यांचा नेम. सर्दी झाली की ‘अंडर द वेदर’. काम सोपं असलं की ‘पीस ऑफ केक’. ‘ब्रेक अ लेग’, शब्दशः ‘पाय मोड’, म्हणजे शुभेच्छा, हे कळल्यावर गुडघ्याच्या ऑपरेशनला निघालेल्या एका सहकाऱ्याला त्यांनी दारात गाठून नेमकं तेच म्हटलं. तो बिचारा लंगडत मागे वळून बघत राहिला. ऑफिसचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यात त्या सोडून सगळे होते. त्यांची वाक्यं मी तिथे रोज टाकायचे. माझ्या विनोदबुद्धीचं फार कौतुक व्हायचं.

मग एक दिवस त्या म्हाताऱ्यानं आमच्या साहेबांना लिहिलं, की या बाई खरं तेच सांगतात, यापुढे माझं सगळं काम यांच्याकडेच द्या. साहेबांनी मेल सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “काय हो, आपण इंग्रजीत एम. ए. ना?”

सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. उलट नंतर येऊन म्हणाल्या, “ताई, हे सगळं तुमच्याच शिकवण्यानं झालं.” एक्स्पोर्टच्या टेबलाची मुख्य जागा रिकामी होणार होती आणि मी आठ वर्षं तिच्याकडे डोळे लावून बसले होते.

त्याच आठवड्यात म्हाताऱ्याची बायको गेली. त्याच्या ऑफिसातून कळवलं होतं. त्या माझ्यापाशी आल्या तेव्हा डोळे भरलेले होते. बाईला कधी पाहिलेलंही नव्हतं.

“अशा वेळी इंग्रजीत मनाला लागेल असं काय लिहितात जी? साधं नको. त्यांच्यासारखं.”

“किक द बकेट,” मी म्हणाले. “तिकडे गेलेल्या माणसाविषयी आदरानं तसंच म्हणतात.”

“यात बादली काहून आली?”

“चर्चमध्ये शेवटी पवित्र पाण्याची बादली ठेवतात. आत्म्यानं ती ओलांडली की सुटला.”

“नेटवर एकदा बघून घेऊ का?”

“बघा की. माझ्यावर विश्वास नसेल तर जरूर बघा.”

त्या ओशाळल्या. मोबाइल खाली ठेवला आणि आपल्या जागेवर जाऊन एकेक अक्षर जपून टाइप करू लागल्या. मधे एकदा डोळे पुसले. दहा मिनिटं तरी गेली असतील. तेवढ्यात उठून मी त्यांना थांबवू शकत होते. त्या वेळी मी रागात होते असं म्हटलं, तर तुम्हाला बरं वाटेल. पण राग नव्हता. मजा येत होती.

मेल गेला. दुसऱ्या दिवशी तिकडच्या ऑफिसातून साहेबांना फोन आला. त्यांनी त्यांना आत बोलावलं. केबिनचं दार उघडंच होतं.

“कुणी शिकवलं तुम्हाला हे?”

“कोणी नाही, साहेब. मीच कुठंतरी वाचलं होतं.”

बाहेर येऊन त्या सरळ माझ्याकडे आल्या. “त्याचा खरा अर्थ काय?”

मी सांगितला. मेली, पण आदरानं नाही. हसत, टवाळीनं. आपण टपकली म्हणतो तसं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“अहो, गंमत केली. तुम्ही खरंच पाठवाल असं वाटलं नाही.”

“मेलेल्या बाईची गंमत?” एवढंच म्हणाल्या.

त्यांना परत खाली स्टोअरमध्ये पाठवलं. मुख्य जागा मला मिळाली. ऑफिसात मला कोणी काही विचारलं नाही. ग्रुपवर आठवडाभर बादल्यांची चित्रं येत होती.

महिन्याभरानं म्हाताऱ्याचा मेल आला, त्यांच्या नावानं. टेबल माझं, म्हणून उघडला मी. ‘माझ्या ऑफिसनं तुमच्यावर फार आग पाखडली असं कळलं,’ त्यानं लिहिलं होतं. ‘तुम्ही मनापासून लिहिलंत, हे बाकीच्या ओळींवरून कळत होतं. ती गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो, ते तुमचं पत्र वाचून. तिलाही हसू आलं असतं. स्वतःला दोष देऊ नका.’

मी तो दोनदा वाचला. स्टोअर एक जिना उतरून होतं. हे पत्र साहेबांनी पाहिलं असतं, तर त्या पुन्हा वर आल्या असत्या. मी ते काढून टाकलं.

दिवाळीआधी त्यांनी नोकरी सोडली, गावी परत जायचं म्हणून. कंपनी सोडताना प्रत्येक विभागाची सही घ्यावी लागते. तो कागद घेऊन त्या वर आल्या. मी सही केली. कागदाची घडी घालता घालता त्यांनी विचारलं, “त्यांचं काही उत्तर आलं होतं का जी, मागाहून?”

“नाही,” मी म्हणाले.

“कसं येईल! मी लिहिलंच तसं.” घडी पर्समध्ये ठेवत म्हणाल्या, “तुम्ही कधी त्यांना लिहिलं, तर माझी माफी कळवा. तुम्हाला बरोबर शब्द येतात.”

“कळवते.”

त्या जिना उतरून गेल्या. त्या गृहस्थाला मी आजही आठवड्यातून दोन मेल लिहिते. अजून कळवलेलं नाही.