पोथीच्या मराठीतला पंचनामा

निजामाचं राज्य गेलं तेव्हा गावभर पेढे वाटले. आमच्या घरी मात्र वडिलांचं धाबं दणाणलं होतं. ते तहसील कचेरीत कारकून. घरात-दारात बोलायचे मराठी, पण शिकले उर्दूत आन् कचेरीत लिहायचंही उर्दूत. हातानं मराठी लिहायची वेळच कधी आली न्हाई. आता मुंबईकडून नवे साहेब आले आन् म्हणाले, महिन्याभरात मराठी लिहून दाखवा, न्हाईतर घरी बसा.

राज्य बदलतं म्हणजे काय काय बदलतं, बाई! सुट्टीसुद्धा शुक्रवारची रविवारी गेली. पहिल्याच शुक्रवारी वडील सवयीनं निवांत पान लावत बसले. शिपाई बोलवायला आला तशी तोंडातलं पान थुंकून पळत सुटले.

घरात मराठी लिहिता-वाचता यायचं ते एकट्या आईला. तिच्या वडिलांनी तिला पोथी वाचण्यासाठी शिकवलं होतं. मंग काय, रोज संध्याकाळी चूल पेटवण्याआधी आई माझी पाटी घेऊन बसायची आन् वडील तिच्यासमोर मांडी घालून.

"अहो, उर्दूसारखं उजवीकडून न्हाई, डावीकडून सुरू करा! जल्दी, मला भाकरी टाकायच्यात."

"करून राह्यलो ना! जरा दम धर."

मला हसू फुटलं की दोघं मिळून माझ्यावरच खेकसायचे.

परीक्षेच्या दिवशी साहेबांनी चोरीला गेलेल्या बैलाचा पंचनामा लिहायला सांगितला. वडिलांनी अक्षरं बराबर काढली. पण मराठी शिकले होते ती पोथीची! आधी गणपतीला वंदन. मंग 'श्रोते हो, सावध ऐका, गोठ्यातुनी बैल हरपला.' आन् शेवटी चक्क फलश्रुती, की जो हा पंचनामा भावे वाचील, त्याची गुरे कधी चोरीस न जाती. अरे देवा!

साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं. सगळी कचेरी पोट धरून हसली. साहेब म्हणाले, "कुठल्या बुवांकडे शिकलात?"

एखाद्या मास्तराचं नाव सांगून सुटता आलं असतं. खरं सांगितलं तर लोक जन्मभर चिडवतील, हे वडिलांना पुरतं ठाऊक होतं. तरी म्हणाले, "बुवा न्हाई, साहेब. आमच्या कुटुंबानं शिकवलं." बायकोकडून शिकले म्हटल्यावर कचेरी आणखीच हसली. साहेबांचं हसू मात्र थांबलं.

वडील घरी आले तेव्हा आई पीठ मळत होती. "राह्यली का नोकरी?" तिनं विचारलं.

"राह्यली. साहेब म्हणाले, अक्षर चांगलंय, कचेरीची भाषा शिकाल हळूहळू. शिकवणी चालू ठेवा."

आईनं पिठाच्या हातांनीच देवाला नमस्कार केला. मंग वडिलांनी सगळी हकीकत सांगितली. फलश्रुतीवर तीही डोळे पुसत हसली.

"आन् साहेबांनी तुझं नाव इचारलं."

आईचं हसणं थांबलं. तेव्हा नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नसत. मी तर वडिलांच्या तोंडून तिचं नाव एकदाही ऐकलं नव्हतं.

"मंग? घेतलंत? भर कचेरीत?"

"घेतलं."

"कसं?"

वडिलांनी दाराबाहेर कुणी न्हाई हे बघितलं. मंग आईकडं तोंड करून तिचं नाव घेतलं, सावकाश, तिच्या माहेरच्या आडनावासकट.

पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून आई म्हणाली, "आणखी एकदा घ्या."