वर्दीतला रामकिसन

आसेगावचा रामकिसन वीस वर्षं स्टेजवर शहीद होत आला होता. गावच्या नाटकमंडळीत त्याला दुसरी भूमिका कुणी दिलीच नाही. तिसऱ्या अंकात गोळी लागायची आणि हा गडी मरता मरता दहा मिनिटं भाषण ठोकायचा. शत्रूसुद्धा कंटाळून कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. अभिनय यथातथाच, पण वर्दी झकास होती आणि ती त्याच्या घरीच असायची.

त्या मे महिन्यात सीमेवर लढाई पेटली आणि रामकिसनच्या अंगात वारं शिरलं. वर्दी चढवून तो मंगरूळपीरच्या बसमध्ये बसला. लोकांनी जागा दिली, चहा पाजला, एकानं पाया पडून सेल्फी घेतला. बहाद्दरानं सगळं खुशाल घेतलं. लाज म्हणून वाटली नाही.

स्टँडवर गोमतीबाई आडवी आली. तांड्यावरची म्हातारी, तिचा बादल खरोखरच फौजेत. तीन दिवस त्याचा फोन नव्हता आणि तीन दिवस तिच्या पोटात अन्न नव्हतं.

"भाऊ, माहा बादल दिसला का तुले?"

भोवती गर्दी. खरं बोलावं तर तिथंच चोप बसला असता. रामकिसन घाबरून बोलून गेला, "दिसला ना माय! परवाच. वांग्याच्या भाजीसंगं चार पोया खाल्ल्या त्यानं."

कुणीतरी हे मोबाइलवर टिपलं आणि संध्याकाळपर्यंत आसेगावनं आपला नट ओळखला. दुसऱ्या दिवशी सकाळीच पारावर सभा भरली. रामकिसन पायजमा-बनियनवर मान खाली घालून उभा.

सरपंच दौलतराव कडाडले, "त्या माउलीशी खोटं बोलाले लाज नाई वाटली तुले?"

तेवढ्यात गोमतीबाईच येऊन पोचली. आता ही थोबाडीत देणार म्हणून अर्ध्या गावानं मोबाइल सरसावले.

"माहा बादल वांगं तोंडात घेत नाई," ती म्हणाली. "तू खोटा हायेस हे मले तवाच समजलं. तरी घरी जाऊन म्या भाकर खाल्ली."

दौलतरावांचा आवाज उतरला. "फोन आला का बाई?"

"नाई."

ती रामकिसनच्या समोर खाली बसली. "आज काय जेवला थो, सांग."

रामकिसननं दौलतरावांकडं पाहिलं. त्यांनी नजर दुसरीकडं वळवली.

"वरण-भात, माय," तो कसाबसा म्हणाला. "पोटभर जेवला."

पारावर एकानंही त्याला खोटारडा म्हटलं नाही.