वर्नाचा लाल दोरा

१२ जानेवारी २०१५, सोमवार. ३८,६४० डॉलर. हा आकडा असलेला कागद त्या सकाळी माझ्या टेबलावर आला आणि वर्ना ह्रिंकिवचं काउंटर जाणार, हे मला कळलं.

आमचं दुकान शेतीच्या यंत्रांचं. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या वेल्डन रिज गावात आम्ही कापणी-मळणीचे कंबाइन, ट्रॅक्टर आणि पेरणीयंत्रं विकतो आणि दुरुस्त करतो. मी तिथे अठ्ठावीस वर्षं हिशेब पाहतो. वर्ना पार्ट्सच्या काउंटरवर एकोणचाळीस वर्षं. दुरुस्तीसाठी शेतांवर जाणारे आमचे अकरा ट्रक आहेत आणि प्रत्येकात एक टॅब असतो. सहा लाख बारा हजार सुट्या भागांची यादी त्या टॅबच्याच पोटात असते, कारण शेतावर सिग्नल मिळेल या भरवशावर कोणी कंबाइन उघडून बसत नाही. ती यादी चालवणारा प्रोग्रॅम वर्नाने लिहिला होता. पोस्टाने येणारा अभ्यासक्रम घेऊन, दोन हिवाळे खपून, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी.

दर जानेवारीत यंत्रं बनवणारी कंपनी बदल पाठवते. त्या वर्षी एक लाख त्रेचाळीस हजार बदल होते. कुठे नंबर बदललेले, कुठे किमती, कुठे जुन्या भागाच्या जागी नवा. ते टॅबमध्ये उतरवायला पंचावन्न मिनिटं लागत. मुक्कामाला आलेले ट्रक अंगणात उभे असताना दुकानाच्या वायफायवरून हे काम आपोआप होई. त्या वर्षी ते अकरापैकी एकाही ट्रकमध्ये पुरं झालं नाही. मेकॅनिक जुनेच नंबर सांगत होते, जुनेच भाग येत होते आणि परत जात होते.

विभागाचा मॅनेजर ग्रँट टॉलफसन शहरातून आला तो तोडगा घेऊनच. नवे टॅब, ट्रकवर उपग्रहाच्या तबकड्या, आणि पार्ट्सचे फोन यापुढे शहरातून उचलायचे. सगळ्याची किंमत ३८,६४० डॉलर.

"म्हणजे मी काय करायचं?" वर्नाने विचारलं.

"तुम्हाला शहरात जागा आहे, वर्ना. फोनवर."

"शहरात? ग्रँट, तुझा बाप गहू भिजायच्या भीतीने माझ्या काउंटरसमोर उभा राहून रडलाय. शहरातल्या फोनवर रडला असता का तो?"

ग्रँट हसला, पण बेत सोडला नाही; कागद घडी करून खिशात ठेवला. "एकतीस मार्चपर्यंत अकराही ट्रकमध्ये नवी यादी दाखवा. मग मी हा कागद फाडतो. एडगर, तोपर्यंत चेक काढू नका."

"मी चेक सांगितल्याशिवाय काढत नाही," मी म्हणालो.

वर्नाबद्दल थोडं सांगायला हवं. ती गावापासून नऊ मैलांवरच्या शेतावर वाढली. एकोणिसाव्या वर्षी काउंटरवर आली तेव्हा यादी म्हणजे जाड बाडं होती, कड्यांमध्ये अडकवलेल्या सुट्या पानांची. हिवाळ्यात कंपनी नव्या पानांचे खोके पाठवायची. जुनं पान काढायचं, नवं घालायचं. दुसऱ्या वर्षी ती हे काम काउंटरवरच्या बाडातच करत बसली होती. मध्ये गिऱ्हाईक आलं, फोन आला, आणि बाड अर्धं नवं, अर्धं जुनं राहिलं. त्यातूनच तिने एका शेतकऱ्याला बेअरिंगचा नंबर दिला. भाग चुकीचा आला आणि ऐन कापणीत त्याचा कंबाइन दोन दिवस उभा राहिला. तिसऱ्या दिवशी गारा पडल्या.

त्यानंतर तिने आपली पद्धत बसवली. मागच्या खोलीत बाडांचा दुसरा संच ठेवला. नवी पानं आधी टेबलावर क्रमाने लावायची, मग एकाच दिशेने बाडात घालत जायची, उलटसुलट पानं चाळायची नाहीत. उठावं लागलं तर जिथे थांबलो तिथे लाल दोरा. आणि सगळी पानं लागेपर्यंत काउंटरवरच्या जुन्या बाडाला हात लावायचा नाही. शेवटचं पान लागलं की जुनं उचलायचं, नवं ठेवायचं. एका दमात. ज्याला जे दिसेल ते पुरतं जुनं किंवा पुरतं नवं. मधलं काही नाही.

ही गोष्ट मी तिच्याकडून निदान वीस वेळा ऐकली होती. तिचा आपल्याला कधी उपयोग होईल असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

ग्रँट गेल्यावर ती एक कागद घेऊन माझ्या खोलीत आली. प्रत्येक टॅब कितव्या मिनिटाला बंद पडला, त्याची नोंद होती.

"थंडीने मरतात, असं मेल्विन म्हणतो," ती म्हणाली. मेल्विन फ्रीसन आमचा सगळ्यांत जुना मेकॅनिक.

मी रकाना वरून खाली वाचला. वीस, वीस, एकोणीस, वीस, वीस, वीस, सतरा, वीस, वीस, वीस, वीस. हिशेब पाहणाऱ्या माणसाला असा रकाना दिसला की थंडीवर विश्वास बसत नाही.

"वर्ना," मी म्हणालो, "हा माझा उपद्व्याप आहे."

आमच्याकडे हिवाळ्यात उभ्या गाडीला विजेची वायर लावून ठेवतात, नाहीतर सकाळी इंजिन सुरू होत नाही. आमच्या अंगणात त्यासाठी खांब आहेत. २०११ साली मी तिथे बदलता पुरवठा बसवून घेतला होता. अर्ध्या खांबांना वीस मिनिटं वीज, मग उरलेल्या अर्ध्यांना वीस मिनिटं. इंजिनाला तेवढी ऊब पुरते, आणि महिन्याला दोनशे बारा डॉलर वाचत होते. त्याबद्दल मला शाबासकीही मिळाली होती. गाडी चालू असली की टॅब तिच्या विजेवर चालतो, उभी असली की त्याच वायरवर. त्यांच्या बॅटऱ्या नव्या होत्या तोवर वीस मिनिटांचा खंड कोणाला जाणवला नाही. तीन हिवाळ्यांत टॅबमध्ये पक्क्या बसवलेल्या त्या बॅटऱ्या गेल्या. आता वीज गेली की टॅब मरे, आणि वर्नाचा प्रोग्रॅम सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करी. पंचावन्न मिनिटांचं काम वीस मिनिटांत कधी संपणार?

वर्नाने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "चार वर्षं रोज गाडीची वायर लावतोय आपण. एकाच्याही डोक्यात आलं नाही."

"मी आजच बदलता पुरवठा काढून टाकतो."

पण वायरमन म्हणाला, जमणार नाही, २०११ साली निम्म्याच भाराची तार घातली होती. अकरा ट्रक एका वेळी चालवायचे तर जमिनीखालची तार उखडून जाड तार घालावी लागेल, आणि गोठलेली जमीन मे महिन्याआधी कोणी खणत नाही.

"बरंच झालं," वर्ना म्हणाली. मला वाटलं ती चिडून बोलतेय. पण ती खरंच खुशीत होती. "अरे, तू वीज दिलीस तरी मेल्विन मध्येच वायर उपटून गाडी काढणारच. वीज जाणारच असं धरून लिहायला हवं होतं मी. बाडाच्या वेळी शिकले आणि मशिनच्या वेळी विसरले. एडगर, मला दोरा बांधायचाय."

त्या संध्याकाळी तिने हार्डवेअरच्या दुकानातून एक टायमर आणला आणि काउंटरवरच्या जुन्या टॅबला लावला. वीस मिनिटं चालू, वीस मिनिटं बंद. किंमत २३ डॉलर ७९ सेंट, स्वतःच्या पर्समधून.

"पावती दे, पैसे देतो," मी म्हणालो.

"सापडली की देते."

तिची पहिली खटपट फसली. एकेक बदल झाला की तो कुठवर झाला हे लिहून ठेवायचं, असं तिने केलं. त्याने काम बुडत नव्हतं, पण पंचावन्न मिनिटांचे तीन तास झाले. प्रत्येक नोंद टॅबच्या आत पक्की बसेपर्यंत पुढचं काम थांबून राही.

"प्रत्येक पानाला दोरा बांधत बसले तर पानं कधी लावणार?" ती स्वतःलाच म्हणाली, आणि हजार बदलांमागे एक नोंद ठेवली. वीज गेलीच तर जास्तीत जास्त हजार बदल पुन्हा करावे लागतील, त्याला काही क्षण पुरतात.

मग वेग. टॅबमधली यादी तीन प्रकारे लावलेली असते. नंबराप्रमाणे, यंत्राप्रमाणे आणि नावाप्रमाणे. जुना प्रोग्रॅम प्रत्येक बदलासाठी तिन्हीकडे धावायचा. एक लाख त्रेचाळीस हजार वेळा गोदामाच्या या टोकाहून त्या टोकाला. वर्नाने तीन फेऱ्या केल्या. पहिल्या फेरीत बदल नंबराप्रमाणे लावून घ्यायचे आणि यादीतून एकदाच सरळ जायचं. मग यंत्राप्रमाणे, मग नावाप्रमाणे. पंचावन्न मिनिटांची चौतीस झाली. आणि नवी पानं सगळी बाजूच्या फाइलमध्ये, मागच्या खोलीतल्या बाडासारखी. तिसरी फेरी संपली की त्या फाइलचं नाव बदलायचं, एवढ्याने ती चालू यादीचा भाग होई.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तिने ते मेल्विनच्या ट्रकमध्ये घातलं. त्याला बजावून सांगितलं की वायर काढायची तर खुशाल काढ, अजिबात विचार करू नकोस.

"बाई, मी कधी विचार केलाय?" मेल्विन म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी एका गुरांच्या शेतावरचं चारा मिसळायचं यंत्र बंद पडलं. दोनशे जनावरं उपाशी. मेल्विनने काम अर्ध्यावर असताना वायर उपटली आणि निघून गेला. वर्ना दुपारभर फोनकडे पाहत काउंटर पुसत होती. पुसायला काही उरलं नव्हतं. साडेतीनला शेतावरच्या फोनवरून त्याचा आवाज आला.

"तुझी यादी उघडली ग. जुनीच आहे, पण सगळी आहे. गिअरचा नंबर मिळाला. पाठव."

"अर्धवट काही दिसत नाही ना? नीट बघ!"

"बघितलं. तू सारण भरून उकडतेस त्या पेरोगीसारखी आहे, कुठे फाटलेली नाही."

रात्रीच्या मुक्कामाला त्याने ट्रक पुन्हा वायरला लावला आणि सकाळी यादी नवी झालेली होती. वर्नाने काउंटरवरची घंटी, गिऱ्हाईक वाजवतात ती, स्वतः तीनदा वाजवली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात नऊ ट्रक झाले. वीस तारखेला दहा. अकरावा, मेल्विनचाच, तिने मुद्दाम पुसून जुन्या यादीवर आणून ठेवला.

"झालेला ट्रक कशाला मोडतेस?" मी घाबरून विचारलं.

"ग्रँटला आकडे दाखवले तर तो आकडे बघेल. मला त्याला वायर काढायला लावायचीय."

शुक्रवारी, सत्तावीस मार्चला, ग्रँट आला. अंगणात उणे अकरा अंश होतं. मेल्विनच्या ट्रकमध्ये काम सुरू होतं आणि पडद्यावर दिसत होतं, दुसरी फेरी, ३१,४१२.

"काढ," वर्ना म्हणाली.

"काय काढू?"

"वायर. ये, घाबरू नकोस, चावत नाही ती."

ग्रँटने हातमोजा घातला आणि वायर उपटली. पडदा काळा झाला. वर्नाने मनगटावरच्या घड्याळात पूर्ण पाच मिनिटं मोजली. एवढी वर्षं मी तिला ओळखतो, पण कुठलंही काम तिने इतकं सावकाश केलेलं मी पाहिलं नव्हतं. मग म्हणाली, "लाव."

टॅब उजळला. दुसरी फेरी, ३१,०००. आणि आकडा पुढे सरकू लागला.

"चारशे बारा परत करतोय," ग्रँट म्हणाला.

"तेवढी माझी चूक धर," वर्ना म्हणाली.

ग्रँटने आणखी दोनदा वायर काढली. दुसऱ्यांदा तर न सांगता, ती पाठमोरी असताना. काम दोन्ही वेळा होतं तिथून चालू झालं. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तिसरी फेरी संपली. वर्ना म्हणाली, "आता एखादा नंबर विचार."

ग्रँटला एकच नंबर पाठ होता. त्याच्या बापाच्या जुन्या कंबाइनच्या पट्ट्याचा. त्याने तो टाकला. यादीने सांगितलं, हा नंबर यंदा बंद झाला, त्याच्या जागी हा नवा, भाव अमुक, आणि तो आपल्याच मागच्या खोलीत चौथ्या फळीवर आहे.

"आहे?" ग्रँटने विचारलं.

वर्ना आत गेली आणि पट्टा घेऊन आली. खांद्यावर टाकून, मान ताठ करून. अंगणात जमलेल्या मेकॅनिकांनी ट्रकच्या पत्र्यांवर हात आपटून असा काही गोंधळ केला की समोरच्या कॅफेतली माणसं दारात आली.

ग्रँटने खिशातून तो कागद काढला, चार तुकडे केले आणि माझ्या हातात दिले. "एडगर, हे कुठल्या खात्यात टाकता?"

"केराच्या," मी म्हणालो.

काउंटर राहिलं. पुढच्या जानेवारीत विभागातल्या इतर पाच दुकानांतल्या बासष्ट ट्रकमध्ये वर्नाचाच प्रोग्रॅम गेला आणि तो शिकवायला ती स्वतः गावोगाव गेली. प्रत्येक ठिकाणी पहिल्या दिवशी ती तिथल्या मॅनेजरला वायर काढायला लावी. माझा बदलता पुरवठा अजून तसाच आहे आणि महिन्याला दोनशे बारा डॉलर वाचवतो आहे. वर्ना म्हणते, तो काढू नकोस, नव्या माणसांना दाखवायला लागतो.

या जूनमध्ये मी निवृत्त होतो, म्हणून खण आवरत होतो. हार्डवेअरच्या दुकानाची ती पावती मला कधी मिळालीच नाही. वर्नाने पावतीच्या मागच्या बाजूला फेऱ्यांचे आकडे लिहून ती मेल्विनच्या ट्रकमध्ये टॅबच्या मागे चिकटवली होती, आणि छापील बाजू गोंदात गेली. पावतीशिवाय मी पैसे देत नाही. टायमरचे २३ डॉलर ७९ सेंट वर्नाला अजून द्यायचे आहेत.