साडूची बोट आणि थोरल्या जावयाचा मान

माझ्या साडूने स्पीड बोट घेतली आणि माझी तब्येत बिघडली. डॉक्टरांनी ॲसिडिटी सांगून गोळ्या दिल्या. गोळ्यांनी काही फरक पडला नाही, कारण बोट होती तिथेच होती.

साडू म्हणजे संदीप, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आमची सासुरवाडी मावळात, धरणाच्या काठावर. मी थोरला जावई, राहायला वलवणला आणि नोकरीला खंडाळ्याच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर. संदीप यायच्या आधी बरीच वर्षं त्या घरात जावई म्हणून मी एकटाच होतो, आणि एकट्याचा कारभार फार झकास चालतो. चहा आधी मला, पाट आधी मला, कोंबडीची तंगडी मला. मग मेहुणीचं लग्न झालं आणि कोंबडीला तंगड्या दोन असतात हे त्या घराच्या लक्षात आलं.

तेही मी सहन केलं. पण पुढे धरणाच्या काठी तंबू पडायला लागले, पुण्या-मुंबईची पोरं शनिवार-रविवारी लोंढ्याने यायला लागली, आणि संदीपने भाताच्या खाचरातून उठून थेट बोट आणली. निळी, चकचकीत, मागे दणकट इंजिन. सोबत काळा गॉगल. तोवर आमचे सासरे आबा कुणालाही माझी ओळख करून देताना ‘आमचं जावई मोठ्या हाटेलात सायेब हायेत’ असं सांगायचे. (मी ते कधी दुरुस्त केलं नाही.) आता मी शेजारी उभा असतानाही ते समोरच्याला पाण्याकडे बोट दाखवून सांगायला लागले, ‘ती निळी दिसती का, आमच्या धाकल्या पाव्हण्यांची हाय.’

घरी बायकोचंही तेच. सुनीता एकदा म्हणाली की संदीपरावांनी बघा, स्वतःची बोट केली. मी म्हटलं, आमच्या हॉटेलची लॉबी त्या बोटीच्या दहापट मोठी आहे. त्यावर तिने ती लॉबी तुमची आहे का, एवढंच विचारलं आणि भाजी निवडत बसली.

मला हेवा वाटत होता. लपवण्यात अर्थ नाही, कारण लपत नव्हताच. पण माझ्याकडे अजून एक गोष्ट शिल्लक होती आणि तिला संदीपचा बापही हात लावू शकत नव्हता. ती म्हणजे पुढची सीट.

त्याचं असं आहे. धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला लेकी-जावयांना जेवायला बोलावतात. पुरणाचे धोंडे, नवे कपडे, ओवाळणी असा थाट असतो. आमच्या सासुरवाडीत त्यापुढे आणखी एक रीत आहे. जेवण झालं की जावई-लेकींच्या जोड्या कुलदैवताला न्यायच्या. देव धरणाच्या पल्याडच्या काठावर, म्हणून दर वेळी भाड्याच्या जीपने सगळ्या पाण्याला वळसा घालून जायचं. जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची सीट थोरल्या जावयाची, आणि नैवेद्याचं ताटही त्याच्याच मांडीवर. धाकटा जावई मागे, पिशव्यांबरोबर, गुडघे हनुवटीला लावून. पुढच्या आरशात मला ते गुडघे दिसायचे आणि रस्ता कसा संपायचा ते कळायचं नाही.

त्या साली धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत आला. आम्ही जेवलो, ओवाळून झालं. मला बदामी रंगाचा सफारी मिळाला, वर फेटा. मी लगेच अंगावर चढवून अंगणात आलो तर जीपचा पत्ता नाही. आबा म्हणाले, “औंदा जीप नगं. धाकल्या पाव्हण्यांची बोट आस्ताना येवडा वळसा कशापायी? बिगीनं पल्याड जाऊ.”

काठावर गेलो. त्या बोटीत पुढची सीट म्हणजे स्टिअरिंगची सीट. तिच्यावर संदीप.

“भाऊ, तुमी मागं बसा,” तो म्हणाला. “मागं वारं गार लागतंय.”

मागं! इतक्या वर्षांच्या संसारात ‘मागं’ हा शब्द मला त्या घरात कुणी उच्चारला नव्हता. मी म्हणालो की मला स्पीड बोट लागते, गरगरतं. (मी तोवर एकदाही स्पीड बोटीत बसलो नव्हतो.) मग कशाने येणार? शेजाऱ्यांच्या पेडल बोटी काठाला बांधलेल्या होत्या. हंसाच्या आकाराच्या, पांढऱ्या, पुढे लांब मान, पुढच्या दोघांनी पायडल मारायचं आणि मागे दोघांनी बसायचं. मी छाती काढून सांगितलं, “आम्ही या हंसातून येतो.”

देवापुढे जोडीने जायचं असतं, त्यामुळे सुनीताला माझ्याबरोबर बसणं भाग पडलं. ती बसली, पण पायडलवर पाय ठेवणार नाही हे तिने बसतानाच सांगितलं. आबांची फार कुचंबणा झाली. थोरल्या पाव्हण्याला असं एकट्याला कसं सोडायचं? शेवटी धोतर सावरत ते नैवेद्याचं ताट घेऊन हंसाच्या मागच्या सीटवर बसले. सासरे माझ्या बोटीत! मी संदीपकडे पाहिलं, पण तो लाइफ जॅकेटं वाटण्यात गुंतला होता.

त्याने आबांना जॅकेट घालून स्वतःच्या हातांनी बंद आवळले. सुनीताने आपलं आपण घातलं. माझं मी घेतलं आणि बुडाखाली ठेवलं. एक तर फायबरची सीट टोचत होती, आणि दुसरं म्हणजे त्या केशरी गाठोड्याखाली माझा नवा सफारी दिसला कसा असता? सासुरवाडीचा आहेर झाकायचा म्हणजे सासुरवाडीचाच अपमान. संदीपने ते पाहिलं, पण थोरल्याला दोनदा कसं सांगणार? तो एवढंच बोलला, “भाऊ, आज गर्दी लय हाय. लाट आली तर बोटीचं तोंड लाटंकडं करा, आडवं ऱ्हाऊ नगा. आन उभं तर अजाबात ऱ्हाऊ नगा.”

मला नियम सांगतो! आमच्या हॉटेलच्या पोहण्याच्या तलावापाशी ‘पोहता येत नसल्यास पाण्यात उतरू नये’ ही पाटी मी उभं राहून रंगवून घेतलेली आहे. (मला स्वतःला पोहता येत नाही. पाटी त्यामुळेच इतकी मनापासून झाली आहे.)

निघालो. त्या दिवशी धरणात पाणी कमी आणि माणसं जास्त होती. चहूबाजूंनी स्पीड बोटी फिरत होत्या. पाण्यावरच्या स्कूटरी मधूनच वळसे मारत होत्या. केळ्याच्या आकाराच्या एका लांबलचक रबरी बोटीवर सातआठ पोरं घोड्यावर बसल्यासारखी बसून किंचाळत होती, आणि तिला ओढणारी बोट त्यांना पाडायचे पैसे घेतल्यासारखी वळत होती. प्रत्येकीच्या मागे लाट, आणि लाटा एकमेकींना छेदून आमच्याकडे. एकट्याच्या पायडलने हंस सरळ जात नाही, उजवीकडे वळत राहतो. मी काठापाशीच गोल फिरत होतो. आबा मागून काळजीने म्हणाले की पाव्हणं, देव तिकडं ऱ्हायला. तेव्हा सुनीताने कपाळाला हात लावला आणि पायडलला पाय.

मध्यावर आलो तरी मेहुणीला आणि सासूबाईंना घेऊन निघालेली संदीपची बोट आमच्या अलीकडेच. इतकं दणकट इंजिन असून बोट बैलगाडीच्या चालीने आमच्या बाजूने येत होती. हा मुद्दाम हळू चालवतोय, मला हिणवतोय, असं माझ्या डोक्यात बसलं. माझ्या पोटऱ्या भरून आल्या होत्या, फेटा कानावर उतरला होता, आणि हा आपला एका हाताने स्टिअरिंग धरून निवांत. मी ओरडून त्याला पुढे जायला सांगितलं.

“भाऊ, जोरात गेलो तर माजी लाट तुमच्यावर यील,” तो म्हणाला.

“येऊ दे की. लाटेला कोण घाबरतं?”

थोरल्याने सांगितलं म्हटल्यावर त्याचा नाइलाज झाला. पुन्हा एकदा तोंड लाटेकडे करा असं खुणावून तो निघाला. त्याची बोट पुढे सरकली आणि मला एक दृश्य दिसलं. सासूबाई त्याच्या मागे बसल्या होत्या आणि त्यांनी छत्री उघडली होती. स्वतःवर नाही, संदीपच्या डोक्यावर!

त्या बाईने इतक्या वर्षांत माझ्या डोक्यावर कधी छत्री धरली नव्हती. पावसात नाही, उन्हात नाही. त्या छत्रीची सावली खरंच त्याच्या डोक्यावर पडतेय की ऊन चुकवताना छत्री सहज तिकडे कललीय, हे नक्की करणं मला फार गरजेचं वाटलं. बसून नीट दिसेना, हंसाची मान मध्ये येत होती. म्हणून मी उभा राहिलो.

सावली त्याच्याच डोक्यावर होती. एवढं दिसलं आणि लाट आली. आम्ही पायडल थांबवल्यामुळे हंस लाटेला आडवाच होता. तो एका कुशीवर कलला आणि परत सरळ झाला. सुनीता आणि आबा बसलेले, ते बसलेलेच राहिले. मी तेवढा गेलो.

पाण्यात पहिली जाणीव झाली ती ही की सफारीचं कापड भलतंच जड असतं. दुसरी ही की जॅकेट वर हंसात, सीटवर, कोरडं आहे. वर आलो, हात मारला तो हंसाच्या शेपटीला लागला आणि मी तिला मिठी मारली. सुनीता ओरडली. तिच्या ओरडण्याने आसपासच्या सगळ्या बोटींचं लक्ष गेलं आणि मदतीला सगळ्या एकदमच भरधाव निघाल्या! जी बोट मदतीला यायची ती आपली लाट घेऊन यायची. शेपटी वर गेली की मी वर, शेपटी खाली गेली की मी खाली. केळ्यावरची पोरंसुद्धा आली आणि मोबाइल वर धरून मला धीर देत राहिली. माझं नाक आणि धरण यांत काही अंतर उरलं नाही. आता खरोखर जातोय असं वाटलं.

तेवढ्यात संदीपचा आवाज आला. “सगळी हिंजनं बंद करा! कुनी जवळ यायचं न्हाई!” तो हळूच वळून परत आला होता आणि आपल्या बोटीत हात वर करून उभा होता. (उभा राहायचा नियम त्याला लागू नव्हता.) एकेक इंजिन थांबलं, पाणी निवलं. मग त्याने लांबूनच दोरीला बांधलेली रबरी रिंग फेकली आणि ती बरोबर माझ्या पुढ्यात पडली.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या क्षणी, नाकातोंडात पाणी असताना, मी ती रिंग धरायच्या आधी आजूबाजूला पाहिलं. दुसऱ्या कुणाची रिंग मिळते का म्हणून. नव्हती. मग धरली.

त्याने मला ओढून बोटीत घेतलं आणि मी पुन्हा कुठे हलू नये म्हणून थेट पुढच्या, आपल्या सीटवर बसवलं. स्वतः शेजारी वाकून स्टिअरिंग धरलं. सासूबाईंनी पदराने माझं डोकं पुसलं आणि छत्री माझ्यावर धरली. पुढची सीट, छत्री, दोन्ही मिळालं. फेटा मात्र त्या केळ्यावरच्या पोरांना सापडला आणि त्यांनी तो काठीला लावून आणून दिला. हंस दोरीने मागे बांधला. आबा त्यात ताठ बसलेले, मांडीवर ताट, धोंडा एकही ओला नाही.

“पाव्हणं, ताट माज्यापाशी हाय,” त्यांनी मागून ओरडून सांगितलं. “तुमी आता निस्तं बसा.”

देवापुढे माझ्याभोवती पाण्याचं तळं झालं. घरी परतल्यावर सुनीता माझ्याशी जे पहिलं वाक्य बोलली ते सफारी आटल्याबद्दल होतं.

तेव्हापासून देवाला जायचं म्हटलं की बोटीनेच जातात, आणि थोरल्या जावयाचा मान आता कुणी मोडत नाही. सासूबाई अंगणातच सांगतात, “आदी थोरल्यांना.” मग सगळं घर उभं असताना मला पाटावर बसवून पहिलं जॅकेट घालतात. पाणी अजून दोन शेतं लांब असतं. आबा एकेक बंद ओढून बघतात, संदीप परत एकदा ओढून बघतो, आणि त्यानंतरच नैवेद्याचं ताट बाहेर येतं. संदीपला जॅकेट सगळ्यांत शेवटी मिळतं. त्याला माझा थोडा तरी हेवा वाटत असेल म्हणून मी दर वेळी त्याच्या तोंडाकडे निरखून बघतो. पण त्या गॉगलमुळे काही दिसत नाही, आणि नीट बघायला उभं राहावं, तर सासूबाई खांदा दाबून खाली बसवतात.